मास्क खाली करा, नाक बघू द्या

सिनेमात हिरॉईन विमानतळावर रडत धावत सुटते, तेव्हा तिच्या मागून जो टकला गृहस्थ शांतपणे बॅग ओढत जातो ना, तो माझा माणूस. त्याच्या बॅगेत काही नसतं. त्याला कुठे जायचंही नसतं. सकाळपासून तो तीच बॅग ओढत त्याच दारातून आत-बाहेर करत असतो आणि त्याला एवढंच बजावलेलं असतं, की आभाळ कोसळलं तरी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. अशी माणसं शोधायची, जमवायची, वेळेवर आणायची, खाऊ घालायची आणि गप्प बसवायची, हा माझा धंदा. मुंबईत आम्हाला ज्युनियर आर्टिस्टचे सप्लायर म्हणत. इथे मेलबर्नला एक्स्ट्राज कोऑर्डिनेटर म्हणतात. काम तेच, फक्त इथे शिवी देताना पुढे 'मेट' लावतात.

या अंकाच्या संपादकबाईंना वाटतं की माझ्याकडे नटनट्यांचे किस्से असतील. बाई, नटांच्या व्हॅनच्या पायरीपर्यंतसुद्धा मला कुणी जाऊ दिलं नाही हो. माझे किस्से सगळे मागच्या माणसांचे. एक रिटायर्ड पोस्टमन होता, त्याला आयुष्यभराची हात हलवायची सवय. कोर्टाचा सीन असो की दफनाचा, हा कुणाला तरी हात करणारच. क्लेटनच्या युनीमधली, म्हणजे विद्यापीठातली, एक पोरगी प्रेत म्हणून आली आणि गाढ झोपून घोरायला लागली. आणि गर्दी कशी करतात ठाऊक आहे का? मूठभर माणसं कॅमेऱ्यासमोरून जातात, मागून धावत वळसा घालतात, टोपी बदलतात आणि पुन्हा समोरून येतात. तुम्ही पडद्यावर क्रांती बघून गहिवरता, ती धापा टाकणारी तीच माणसं असतात.

माझी मोठी मिजास एकाच गोष्टीची होती. माणूस बघितला की तो कशात 'लागेल' हे मला चुटकीसरशी कळतं. हा बँकेतला, ही चर्चमधली, हा पोलीस, हा चोर. ही विद्या मी कुठल्या फिल्म स्कूलात शिकलो नाही. आमच्या वसईत ती दुधाबरोबर पाजतात. अनोळखी माणूस भेटला की गाव कुठलं, चर्च कुठलं आणि आईचं माहेर कुठलं, एवढं विचारून माझी आत्या त्याला कुपारी, वाडवळ की कोळी अशा खणात टाकून मोकळी व्हायची. सगळे एकाच येशूचे, एकाच मिस्सेला येणारे. पण लग्नाची बोलणी निघाली की खण उघडायचे. मी कुपारी, माझी ॲग्नेस पापडीची वाडवळ. आमच्या लग्नाच्या पंगतीत आत्या बसल्या बसल्या म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो, पण त्यांच्याकडचं इंद्याल वेगळं लागतं." ॲग्नेस ते अजून विसरलेली नाही. डुकराच्या मटणाचं इंद्याल केलं की दर वेळी मला विचारते, वेगळं लागतंय का म्हणून.

तर करोना आला आणि माझा धंदा बसला. गर्दी हाच ज्याचा माल, त्याने लॉकडाऊनमध्ये काय करायचं? ॲग्नेस नर्स, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. मी क्रेगीबर्नच्या घरात सावरडो ब्रेड करायला शिकलो. तो विटेसारखा व्हायचा, आणि ॲग्नेस दमून आलेली असल्याने मुकाट खायची.

अशात, दोन लॉकडाऊनच्या मधल्या फटीत, मला फोन आला. रवांडावर सिनेमा निघत होता. आफ्रिकेत जाऊन शूटिंग करायचं ठरलेलं, पण सीमा बंद. मग कुणाला तरी साक्षात्कार झाला की मेलबर्नच्या पूर्वेकडच्या हिरव्या टेकड्या रवांडासारख्या दिसतात. टेकड्या मिळाल्या, आता माणसं हवी होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रवांडा हा आफ्रिकेतला चिमुकला, डोंगराळ देश. तिथे हुतू आणि तुत्सी असे दोन समाज. भाषा एक, देव एक, गावं एक, लग्नंसुद्धा एकमेकांत होत. बेल्जियमच्या गोऱ्यांनी राज्य करताना नाकं मोजली, उंच ते तुत्सी, बुटके ते हुतू असं काहीबाही ठरवलं आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात छापली. मग सत्तेची भांडणं, सूड, पुन्हा सूड. आणि १९९४ साली हुतू कट्टरवाद्यांनी रस्त्यारस्त्यावर अडथळे टाकले. कार्ड बघायचं, तुत्सी निघाला की कोयता. त्यांना विरोध करणारे हुतूही मारले. चर्चमध्ये लपलेली माणसं चर्चमध्येच कापली. तीनेक महिन्यांत लाखो माणसं गेली. मी तेव्हा मुंबईत होतो आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

डायरेक्टर ल्यूक, तरुण, सज्जन पोरगा. त्याची एकच काळजी होती. "सायमन, प्रेक्षकाला बघताक्षणी कळलं पाहिजे कोण कोण आहे. तो गोंधळला तर सिनेमा गेला." मी म्हटलं, नो वरीज. माझा जन्मच त्यासाठी झालाय!

निवड झूमवर. मी एकेकाला दाराच्या चौकटीशी उभं करायचो, उंची कळावी म्हणून. घरात बसून मास्क लावणारीही काही माणसं होती. त्यांना म्हणायचो, "मास्क जरा खाली करा, नाक बघू द्या." दक्षिण सुदानची पोरं चौकटीत मावत नव्हती, ती सगळी मी तुत्सी केली. घानाचे विद्यार्थी आडव्या अंगाचे, ते हुतू. एक फिजीचा गृहस्थ तर निव्वळ खांद्यांवरून हुतू झाला. ॲग्नेस मागून चहा घेऊन जाताना ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा सावध व्हावं, हे मला इतक्या वर्षांतही जमलेलं नाही.

माझ्या यादीत खरं रवांडाचं एकच घर होतं, आमच्याच चर्चमधलं. ऑगस्टिन गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याची बायको बेआट्रिस वृद्धाश्रमात कामाला आणि आमच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीत गाणारी. मुलगी ग्रेस इथेच जन्मलेली, युनीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तेव्हा बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर. ऑगस्टिन उंच, सरळ नाकाचा: तुत्सी. बेआट्रिस बुटकी, गोल: हुतू. ग्रेस बापावर गेलेली: तुत्सी. अर्ध्या मिनिटात काम झालं.

आता करोनाचे नियम ऐका. सेटवर ट्रेसी नावाची सेफ्टी ऑफिसर होती आणि तिचा शब्द डायरेक्टरच्याही वर चालायचा. सगळ्यांचे पॉड, म्हणजे गट. एका पॉडने दुसऱ्यात मिसळायचं नाही. तंबू वेगळा, चहा वेगळा, संडास वेगळा, मधे दोरी. मनगटाला पॉडच्या रंगाची पट्टी. मी म्हटलं, सोपं आहे, हुतूंचा एक पॉड, तुत्सींचा एक. लाल आणि निळा. आणि रंगाचा गोंधळ नको म्हणून मी आपल्या हुशारीने घरच्या प्रिंटरवर कार्डं छापली, प्लॅस्टिकमध्ये घातली, गळ्यात अडकवायला दोऱ्या लावल्या. वर नाव, खाली मोठ्या अक्षरात HUTU किंवा TUTSI. रविवारभर कापत बसलो होतो. फार सुबक झाली होती हो!

तालमीच्या सकाळी मैदानावर मी स्वतः कार्डं वाटली. पोरं हसत होती. सुदानचा एकजण म्हणाला, "ब्रो, मी डिंका जमातीचा आहे." मी म्हटलं, आजपासून तुत्सी, पुढे चल. ऑगस्टिनने कार्ड घेतलं, वाचलं आणि गळ्यात घातलं. बेआट्रिसनेही घातलं. ग्रेस मात्र स्वतःचं वाचून आईचं वाचायला लागली.

तेवढ्यात ट्रेसी आली. एका घरातली माणसं दोन पॉडमध्ये चालणार नाहीत, रात्री एका छताखाली झोपतात ना! एका घराला एक पॉड. मागे रांग खोळंबली होती, ल्यूक घड्याळ बघत होता. मी घाईत, सगळ्यांसमोर, अगदी हसतमुखाने विचारलं, "ऑगस्टिन, तुम्ही नक्की कोण? म्हणजे खरे? एकदा कळलं की तिघांना बरोबर जागी टाकतो."

थर्मासचं झाकण उघडत असलेली बेआट्रिस थांबली. ग्रेस म्हणाली, "येस डॅड. हू आर वी?"

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की शाळेत याच विषयावरचा कुठलासा सिनेमा दाखवल्यापासून ती पोरगी हेच विचारत होती, आणि दर वेळी आईबाप 'आपण रवांडाचे' एवढंच सांगून ताटात वाढायला लागायचे. त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. तो शब्द त्या घरात येऊ द्यायचा नाही. नवऱ्याचा एक, बायकोचा दुसरा, की दोघांचा एकच, काही म्हणजे काही पोरीच्या कानावर पडू द्यायचं नाही. त्यासाठी ते आपल्याच देशवाल्यांपासूनही जरा लांब राहिले होते. आणि मी तो शब्द प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या गळ्यात अडकवला होता.

ऑगस्टिन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सायमन, रस्त्यावर एका पोराने मला असंच विचारलं होतं. तोही घाईत होता. त्याच्याकडेही अशीच रांग होती."

"मग तू काय सांगितलंस?" हा मी. एवढं कळूनसुद्धा तोंड बंद ठेवायची अक्कल नाही!

"सांगायचं नसतं, दाखवायचं असतं." त्याने गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून बघितलं. "आमच्या कार्डांवर फोटोही असायचा. तुझं काम कच्चं आहे."

संध्याकाळी मी सगळी कार्डं गोळा करून कचऱ्यात टाकली. ॲग्नेसला सांगितलं तेव्हा तिने बूट काढता काढता विचारलं, "सायमन, आपला फ्रान्सिस कुठल्या खणात रे? कुपारी की वाडवळ?" फ्रान्सिस आमचा मुलगा, सिडनीला गिरावीनला असतो, त्याला हे शब्दसुद्धा येत नाहीत. मी म्हटलं, तो माझा तर कुपारी. ती म्हणाली, "बघ. तिकडेही बापावरूनच धरतात." आणि आंघोळीला गेली.

मला वाटलं होतं ते घर आता काम सोडणार. सुटकाच होती माझी. पण बेआट्रिसचा फोन आला. "मी येणार आहे. आमच्या गावच्या चर्चमध्ये जे झालं तेव्हा तिथे कुणाकडे कॅमेरा नव्हता. आता कुणी लावतंय तर मी घरी बसू?" ग्रेस तिच्याबरोबर येणार होती. आणि ऑगस्टिनने ल्यूककडे जाऊन स्वतःहून मारेकऱ्यांच्या गटात काम मागितलं.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, वेड लागलंय का तुला?

"तुझे घानावाले दात दाखवतात, डोळे फिरवतात," तो म्हणाला. "सगळ्या सिनेमांत असंच असतं. मग बघणारा म्हणतो, हे राक्षस आहेत, आम्ही नाही. ते राक्षस नव्हते, सायमन. कामावर आल्यासारखे यायचे. जेवायच्या वेळी घरी जायचे. हे कुणीतरी करून दाखवायला हवं."

ल्यूकने त्याचं ऐकलं, हे त्याचं मोठेपण. "पण मग प्रेक्षकाला कसं कळणार कोण कोण ते?" असं त्याने विचारलं तेव्हा ऑगस्टिन म्हणाला, "आम्हालाही कळत नव्हतं. म्हणून तर कार्ड मागायचे." त्यानंतर ल्यूकने उंची-बिंची सगळं मोडीत काढलं आणि मी केलेली वाटणी पत्त्यांसारखी पिसून टाकली. माझी सगळी विद्या एका वाक्यात गेली.

राहिला ट्रेसीचा नियम. ऑगस्टिन लाल पॉडमध्ये, बायको-मुलगी निळ्यात. तोड अशी निघाली की शूटिंग संपेपर्यंत त्याने मोटेलमध्ये राहायचं, घरी जायचं नाही, भेटायचं नाही. त्यात ग्रेसने बापाशी बोलणंच टाकलं होतं. त्याने मारेकऱ्याचं काम मागून घेतलं याचा तिने तिला हवा तो अर्थ लावला होता. फोनवर ती एकच वाक्य बोलायची, बेआट्रिसने मला रडत सांगितलं. "जस्ट टेल मी व्हॉट यू डिड, डॅड." मुलगी हातची जाणार या भीतीने बाई अर्धी झाली होती. आणि मी काय करत होतो? दोरी धरून उभा होतो. कार्डांच्या पराक्रमानंतर ल्यूकने मला दोन पॉडच्या मधल्या दोरीवर नेमलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याची पट्टी बघायची आणि चुकीच्या बाजूला कुणी जायला लागला की थांबवायचं, बस.

चर्चच्या अंगणातला सीन. प्लायवूडचं चर्च, पण कारागिरांनी असं रंगवलं होतं की क्रूसाची खूण करायला माझा हात कपाळाकडे जायचा. निळा पॉड गवतावर मरून पडायचा आणि लाल पॉड त्यांच्यामधून चालत जायचा. ऑगस्टिन कसा चालला ते सांगतो. रबरी कोयता हातात लटकत, अजिबात घाई नाही, चालता चालता एकदा मनगटावरचं घड्याळ बघितलं. बस एवढंच. मी जन्मभर लोकांना नुसतं चालायला शिकवत आलोय, असं चालणं मी बघितलं नव्हतं. ल्यूकने 'कट' म्हटलं.

मग प्रेतं उठली, कपडे झटकू लागली. बेआट्रिस उठली नाही. ग्रेसने हाक मारली, मग खांदा हलवला, मग ओरडली, "मम्!" सेटवरची नर्स धावली. आणि लाल तंबूकडे चाललेला ऑगस्टिन वळला आणि पळत सुटला, थेट माझ्या दोरीकडे.

मी विचार केला नाही हो. इतके दिवस तेच करत होतो. हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "थांब! पट्टी दाखव."

तो थांबला. कोयता हातातून गळून पडला. एवढा उंच माणूस, त्याने मान खाली घातली, दोन्ही खांदे आत घेतले आणि मनगट माझ्यापुढे धरलं. बायको तिकडे पडलेली, आणि हा लाल पट्टी मला नीट वाचता यावी म्हणून हात वळवून उभा. हात मागे घेईना. मी जा म्हणेपर्यंत तो जाणार नव्हता, आणि माझ्या तोंडून तो एक शब्द निघत नव्हता.

ग्रेस पलीकडून बघत होती. ती आली, दोरी माझ्या हातातून हिसकावली, तिच्याखालून वाकून अलीकडे आली आणि बापाचं ते पुढे धरलेलं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "डॅड, इट्स ओके. इट्स जस्ट अंकल सायमन. डॅड, चल." तो हलला नाही तेव्हा तिने ती लाल पट्टी दातांनी तोडली. मग ती त्याला लहान मुलाला नेतात तसं धरून घेऊन गेली.

बेआट्रिसला काही झालं नव्हतं. नंतर म्हणाली, गवत उबदार होतं, कुणी उठवत नव्हतं, जरा पडून राहावंसं वाटलं. ट्रेसीने मात्र आकाशपाताळ एक केलं. सगळ्यांचे स्वॅब, शूटिंग बंद, आणि मला एक सभ्य ईमेल, की पुढच्या वेळापत्रकात आपली गरज भासणार नाही. तिचं चुकलं नाही. दोरी सांभाळायला ठेवलेल्या माणसाने तीही हातातून जाऊ दिली.

सिनेमा यथावकाश आला. बऱ्यापैकी आहे. घड्याळ बघणारा माणूस पाठमोराच दिसतो, पण मला विचाराल तर सगळा सिनेमा त्याच्यात आहे.

चर्च पुन्हा उघडलं, एकाआड एक बाक, गाणी म्हणायची नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये ऑगस्टिन माझ्याजवळ आला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं. "त्या रात्री ग्रेसला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "ती नंतर म्हणाली, डॅड, हे ऐकायला मी उगीच तुला छळलं. आता ती मला घासातला घास देते." मग माझ्याकडे बघत राहिला. "तुला नाही विचारायचं? विचार. तुलाही सांगेन."

मी म्हटलं, "नको."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी खणात न टाकता सोडलं, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन ॲग्नेसला दोनदा सांगितलं. पण खरं सांगू? मिस्सेला ते तिघं आमच्या पुढच्या बाकावर बसतात. फादर उपदेश करत असतात आणि माझी नजर हळूच त्यांच्या उंचीवर, कानांवर, नाकाच्या कडेवर फिरायला लागते. हा कोण असेल, ही कोण असेल. तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतो. ॲग्नेसला वाटतं, म्हातारा अलीकडे फार मनापासून प्रार्थना करतो.